व्हॅम्पायर पटतो, पोरगी पटत नाही

१९०१ साली शिकागोत जन्मलेला, १९१८च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, उन्हात उभा राहिला की चमचम करणारा आणि शंभरी उलटल्यावरही अकरावीच्या बायोलॉजीच्या तासाला वेळेवर हजर असणारा मुलगा. हे सगळं मला पटलं. कादंबरी उघडली की एवढं पदरात घ्यायचंच असतं. त्याच्या शेजारी बसलेली सतरा वर्षांची मुलगी मात्र पाचशे पानांत एकदाही पटली नाही.

पुस्तक ‘ट्वायलाइट’, लेखिका स्टेफनी मेयर, साल २००५. पुढच्या तीन वर्षांत आणखी तीन भाग आले, २००८मध्ये सिनेमा आला, मालिकेच्या दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडेही इंग्रजी माध्यमातल्या कितीतरी मुलींनी काळ्या मुखपृष्ठावरचं ते लाल सफरचंद दप्तरात दडवून शाळेत नेलं. त्या मुली आता तिशीत आहेत आणि ‘आमच्या वेळचं क्लासिक’ म्हणून तेच पुस्तक भाच्यांच्या वाढदिवसाला देताहेत. वीस वर्षं उशिरा चिमटा काढायचं कारण एवढंच. मावशीने रंगीत कागदात गुंडाळण्याआधी एकदा चाळून बघावं.

सुरुवात खरं तर चांगली आहे. इसाबेला ऊर्फ बेला स्वान ही फिनिक्सच्या उन्हात वाढलेली मुलगी. आईबाप विभक्त. आईने दुसरं लग्न केलंय, नवरा बेसबॉल खेळणारा, सतत फिरतीवर. आईला त्याच्याबरोबर जाता यावं म्हणून लेक आपणहून वडिलांकडे, फोर्क्स नावाच्या चिंब गावात राहायला जाते. ते गाव तिला मुळीच आवडत नाही. वाचणारा सावरून बसतो. आईसाठी त्याग केला, त्याचा थोडा अभिमान, त्याहून जास्त राग. वर्षातून काही दिवसच भेटणारे वडील आता रोज समोर. नवी शाळा, वर्षाच्या मध्येच. एवढ्या भांडवलावर चांगला लेखक दोन कादंबऱ्या काढील. मेयरबाई मात्र शाळेच्या कँटीनमध्ये व्हॅम्पायर असलेली कलन भावंडं दिसली रे दिसली की हे सगळं भांडवल माळ्यावर टाकून देतात. त्यानंतर बेलाला एकच काम उरतं: एडवर्ड कलनकडे बघणं. तो सुंदर आहे. पुढच्या पानावरही तो सुंदर आहे. त्याच्या पुढच्या पानावर तो संगमरवरी आहे.

याचं मूळ लेखिकेनेच सांगितलंय. २ जून २००३च्या सकाळी त्यांना स्वप्न पडलं. रानातल्या मोकळ्या गवतात एक देखणा, चमकणारा व्हॅम्पायर आणि एक साधीशी मुलगी बोलत उभे आहेत. तो तिच्या प्रेमात आहे आणि तिच्या रक्ताच्या वासाने व्याकूळही आहे. जागं झाल्यावर त्यांनी ते लिहून काढलं आणि तीन महिन्यांत कादंबरी पूर्ण केली. तीन पुस्तकांच्या करारापोटी साडेसात लाख डॉलर मिळाले. घरात तीन लहान मुलगे असताना नव्या लेखिकेने हे केलं, त्याबद्दल टाळ्या. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून राखून ठेवलेलं नाव त्यांनी नायिकेला दिलं, हेही गोड आहे. पण स्वप्नातल्या व्हॅम्पायरला जागेपणी वंशावळ मिळाली, इतिहास मिळाला, पियानो मिळाला, गाड्या मिळाल्या. स्वप्नातली साधीशी मुलगी नाव मिळाल्यावरही साधीशीच राहिली.

तिच्याबद्दल आपल्याला काय काय कळतं? ती धडपडी आहे. म्हणजे उद्योगी या अर्थाने नव्हे. सपाट जमिनीवरही पडते. ती वाचते: ऑस्टिन, ब्राँटे. का आवडतात, कुठे कंटाळा येतो, यावर तिचं स्वतःचं मत फारसं ऐकू येत नाही. कांद्याच्या मुळाच्या टोकावरचं पेशीविभाजन, जे आपल्याकडे अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला असतं, ते तिला आधीपासून येतं; पुढे विज्ञानाचं नाव नाही. ती स्वयंपाक करते. वडिलांना अंड्यांपलीकडे फारसं काही येत नाही हे दिसताच ती दुसऱ्याच दिवशी फडताळातल्या डब्यातून वाणसामानाचे पैसे काढते आणि घर चालवायला घेते. कुरकुर नाही, ‘रोज मीच का’ नाही, करपलेली पोळी मुद्दाम बापाच्या ताटात वाढणं नाही. अशी सतरा वर्षांची मुलगी कुणाच्या घरी असेल तर कळवा, शेजारच्या चार आया बघायला येतील.

आणि ती स्वतःला अगदी सामान्य समजते. पहिल्याच आठवड्यात वर्गातली मुलं तिच्याभोवती घुटमळायला लागतात, नाचाच्या कार्यक्रमाला तिने आपल्याला विचारावं म्हणून एक-दोन नव्हे, तीन मुलं रांगेत उभी राहतात, तरीही ती सामान्य! या वयाची खरी मुलगी असती तर वरवर कितीही नाक मुरडलं असतं, तरी रात्री तिघांची मनात यादी करून, त्यातल्या त्यात बरा कोण हे ठरवून, मैत्रिणीला फोन केला असता. बेला कुणाला फोन करत नाही. फिनिक्समध्ये इतकी वर्षं काढून तिने एकही मैत्रीण मागे ठेवलेली दिसत नाही. आईला ईमेल लिहिते, तेही आई घाबरेल म्हणून.

गंमत म्हणजे खरी सतरा वर्षांची मुलगी या कादंबरीत आहे. तिचं नाव जेसिका स्टॅन्ली. ती बडबड करते, हेवा करते, आवडणारा मुलगा दुसरीकडे बघतोय हे ओळखून जळते, तरीही नव्या मुलीशी मैत्री ठेवते, कारण नव्या मुलीमुळे आपलाही भाव वाढतो हे तिला नीट कळतं. ड्रेस घ्यायला शेजारच्या गावी जायचं म्हणून फुलून जाते. ‘त्याने तुला किस केलं का’ हे विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. हाडामांसाची पोरगी! पण लेखिकेने तिला उथळ म्हणून कोपऱ्यात बसवलंय. बेला तिचं बोलणं अर्धवट ऐकत हुं-हुं करते आणि आपणही तसंच करावं अशी अपेक्षा आहे. मला विचाराल तर बेलाला घरी बसवून जेसिकाबरोबर बाजारात जावं. निदान वेळ बरा जाईल.

आता रक्ताचं बघू. ही रक्ताचीच कादंबरी आहे. नायकाला नायिकेच्या रक्ताचा वास इतका असह्य होतो की पहिल्याच दिवशी तो मूठ आवळून बसतो. बायोलॉजीच्या तासाला रक्तगट तपासायचा असतो, तेव्हा तो शहाण्यासारखा दांडी मारतो. त्या तासाचाही विचार लेखिकेने केला, छान केला. पण महिन्यातून चार-पाच दिवस या मुलीचं काय होत असेल? तेव्हा एडवर्ड कुठे जात असेल? सतरा वर्षांच्या कुठल्याही मुलीला, ‘माझ्या रक्ताच्या वासाने त्याचा तोल जातो’ हे कळल्यावर पहिल्या मिनिटाला पडेल असा हा प्रश्न बेलाला पहिल्या भागात पडल्याचं मला तरी दिसलं नाही. पाळीला कथानकात महत्त्व मिळतं ते चौथ्या भागात. तेही चुकली म्हणून, म्हणजे बाळाची चाहूल लागावी म्हणून. व्हॅम्पायरच्या शरीराची एवढी चौकशी आणि मुलीच्या शरीराची एवढी हेळसांड! चुकून राहून गेलं म्हणावं तर हस्तलिखित किती जणांच्या नजरेखालून गेलं असेल.

मग येते खिडकी. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. ओळख धड झालेली नसल्यापासून, जवळजवळ रोज. हे कळल्यावर तिला राग यायला हवा हे तिलाही ठाऊक आहे, पण तिला बरंच वाटतं. काळजी एवढीच की झोपेत आपण काय बरळलो. सतरा वर्षांच्या मुलीला कुणी आपल्याकडे बघतंय याचं सुख वाटेल, हे मी मान्य करते. ते वय तसंच असतं. पण त्या सुखाला चिकटून दुसरं काहीतरी येतंच: धसका, किळस, ‘तू समजतोस कोण स्वतःला’ हा फणकारा, निदान खोलीतल्या पसाऱ्याची लाज. बेलाजवळ यातलं फार तर लाजेचं एक टोक आहे. आणि त्याच छपराखाली झोपलेले वडील कोण? गावचे पोलीस प्रमुख. त्यांच्या घरात महिनोन्‌महिने रात्री खिडकीतून घुसखोरी चालू आहे आणि साहेब घोरताहेत. फोर्क्समध्ये गुन्हे कमी का, याचं उत्तर मिळालं.

एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, बेलाच्या मनातलं तेवढं येत नाही. त्याच्या लेखी हे मोठं गूढ आहे. चौथ्या भागात त्याचा खुलासाही आहे: तिच्या मनाभोवती म्हणे एक जन्मजात कवच आहे. पाचशे पानं त्याच मनात मुक्काम केल्यावर मला याहून साधा खुलासा सुचतो, पण असो.

फोर्क्स हे गाव खरं आहे. वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक द्वीपकल्पावर, लाकूडतोडीवर जगलेलं, वस्ती जेमतेम तीनएक हजारांची. मेयर यांनी ते न बघता निवडलं. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधलं आणि नकाशावर बोट ठेवलं. गावाने पुढे ती निवड आनंदाने वाजवून घेतली. १३ सप्टेंबर हा बेलाचा वाढदिवस तिथे लेखिकेच्या नावाने साजरा होऊ लागला, पर्यटक येऊ लागले, बेलाचा म्हणून लाल ट्रकही उभा राहिला. तो जुना शेव्हर्ले ट्रक, खरं सांगते, पुस्तकातलं सर्वांत जिवंत पात्र आहे. म्हातारा, आवाज मोठा, वेग वाढवायला सांगितला की निषेध नोंदवतो. मालकिणीने त्याच्याकडून काही शिकायला हवं होतं.

इथपर्यंत वाचून एखादी माजी चाहती चिडली असेल. तिचं म्हणणं मला माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे. मुलींना जे जे आवडतं त्याची टिंगल करायची जुनी खोड जगाला आहे. पोरांच्या आवडीचे नायक एका गुद्द्यात दहाजणांना लोळवतात, गोळी लागली तरी डायलॉग पूर्ण करतात, तेव्हा ‘पात्र विश्वासार्ह नाही’ म्हणून कुणी लेख लिहीत नाही. ‘ट्वायलाइट’ला ज्यांनी हसून घेतलं त्यांतल्या अनेकांनी ती उघडलीही नव्हती. मुलींच्या इच्छेला मध्यभागी बसवणारी, मुलगाच संयम पाळतोय आणि मुलगीच अधीर झालीय असं दाखवणारी कादंबरी लाखो मुलींनी छातीशी धरली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. भूक खरी होती. म्हणूनच ताटात काय वाढलंय ते तपासायचं. मुलींची पुस्तकं म्हणून सवलतीचे गुण द्यायचे, हाही त्यांचा अपमानच.

मेयर यांनी स्वतःच सांगून टाकलंय की बेलाच्या दिसण्याचं वर्णन त्यांनी मुद्दाम मोघम ठेवलं. वाचणारीला तिच्या जागी सहज शिरता यावं म्हणून. जत्रेत फोटोवाल्याकडे रंगवलेली फळी असते. त्यावर राणीचा शालू, दागिने, घोडा, सगळं तयार. चेहऱ्याच्या जागी तेवढं भोक. आपण मागून मुंडकं घालायचं आणि हसायचं. बेला ही ती फळी आहे. फोटो झकास येतो, कारण चेहरा आपला असतो. चाहत्या मुलींना बेला जिवंत वाटली यात नवल नाही. त्यांनी आपला राग, आपली धडधड, आपल्या मैत्रिणी तिच्यात भरल्या. लेखिकेने सोडलेलं काम वाचकांनी केलं. मानधन मात्र एकीलाच मिळालं.

अशा फळीचा धंद्याला दुसरा फायदा म्हणजे ती कुठेही उभी करता येते. ‘ट्वायलाइट’वर चाहत्यांनी ढिगाने कथा लिहिल्या. त्यातलीच एक, नावं बदलून, २०११मध्ये ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ म्हणून पुस्तकरूपाने आली. व्हॅम्पायरचा अब्जाधीश झाला, शाळकरी मुलीची पदवीच्या उंबरठ्यावरची तरुणी झाली. बाकी सगळं तसंच: तो कोण, तो काय खातो, तो कुठे राहतो, तो रागावलाय का. तीही प्रचंड खपली. नायिका जितकी मोकळी, तितका माल हलका आणि वाहतूक सोपी.

पण मग या वयाची मुलगी कागदावर उतरवताच येत नाही का? येते की. एस. ई. हिंटन यांनी ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. १९६७मध्ये छापून आली तेव्हा अठराच्या. बाईचं नाव बघून समीक्षक नाक मुरडतील म्हणून प्रकाशकाने आद्याक्षरं लावायला सांगितली. आणि त्यांची गोष्ट मुलांची आहे, हेही बोलकं आहे. अॅन फ्रँकला तर तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, डायरी मिळाली. लपून राहण्याच्या त्या कोंडलेल्या जागेत ती आईवर खार खाते, खोलीत सोबत राहणाऱ्या दंतवैद्याशी टेबलावरच्या वेळेसाठी भांडते, स्वतःच्या पाळीबद्दल लिहिते, सोबत लपलेल्या पीटरच्या प्रेमात पडते आणि काही महिन्यांतच, हा मुलगा आपल्याला पुरणारा नाही, असंही ओळखते. जिवावर बेतलेलं असताना! पुढे आपलं लिखाण छापता येईल या विचाराने तिने ते स्वतःच पुन्हा लिहायला घेतलं. पंधराव्या वर्षी तिला संपादन कळत होतं.

ती खरी मुलगी होती, तुलना अन्याय्य आहे, असं म्हणाल तर कल्पनेतली घ्या. २००८च्या ‘द हंगर गेम्स’मधली कॅटनिस सोळा वर्षांची आहे. तिचं जग व्हॅम्पायरहून अशक्य, पण पोरगी शंभर टक्के शक्य. ती घुमी, संशयी, गोड बोलायला गेली की फसणारी. बाप खाणीत मेल्यावर आई खचली, त्याबद्दल तिने आईला अजून माफ केलेलं नाही. धाकट्या बहिणीवर जीव टाकते आणि त्याच बहिणीच्या मांजराला एकदा बादलीत बुडवायला निघाली होती. ते मांजर मला पुरेसं आहे. बेलाच्या चार भागांत असं एकही मांजर नाही.

बेलाला सारखं कुणीतरी वाचवावं लागतं, ही टीका मेयर यांच्या कानावर गेली होती. शाळेच्या आवारात घसरत आलेल्या व्हॅनपासून एडवर्ड वाचवतो, अंधाऱ्या रस्त्यावरच्या टोळक्यापासून एडवर्ड वाचवतो, शेवटी पाठलाग करणाऱ्या दुसऱ्या व्हॅम्पायरपासून सगळं कलन खानदान वाचवतं. लेखिकेचं उत्तर असं: ती मुलगी म्हणून संकटात सापडत नाही, माणूस म्हणून सापडते, अमानवी प्राण्यांत वावरणाऱ्या कुणाचंही हेच होईल. हे सिद्ध करायला त्यांनी २०१५मध्ये, पुस्तकाच्या दहाव्या वर्षी, ‘लाइफ अँड डेथ’ काढलं. तीच कादंबरी, नायिकेचा नायक करून. बेलाचा झाला बो, एडवर्डची झाली ईडिथ. बघा, गोष्ट तशीच चालते, असा दावा.

चालते खरी! शेवट सोडला तर बहुतेक प्रसंग जागच्या जागी बसतात. पण याने सिद्ध काय झालं? मुलगी काढून मुलगा ठेवला तरी काही अडत नसेल, तर तिथे मुलगी होती कधी? अडलं ते एका ठळक जागी. अंधाऱ्या रस्त्यावर बेलाला पुरुष घेरतात, त्यांचा हेतू कुठल्याही मुलीला न सांगता कळतो. बोसाठी तिथे वेगळं कारण रचावं लागलं. म्हणजे बेला मुलगी असण्याचा कथानकाला जो नडण्याइतका उपयोग झाला, तो तिला चौघांनी घेरण्यापुरता. आणखी एक मौज. आईबापांची अदलाबदल मेयर यांनी केली नाही. त्या काळी बापाला मुलाचा ताबा मिळणं अवघड होतं म्हणून. कोर्टात बाई आणि पुरुष यांच्यात फरक पडतो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तो शाळेत, घरात, आरशासमोर, रात्रीच्या रस्त्यावर रोज पडतो, याचा हिशेब मात्र लावलेला नाही.

‘ट्वायलाइट’च्या एक वर्ष आधी, २००४मध्ये, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली. आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुकुंद जोशीची. तिथे असा बदल करून बघा. अर्धवट बांधलेल्या इमारतीत जोशी, सुऱ्या वगैरे टोळकं तासन्‌तास बसतं; तिथे जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरला मैत्रिणींसह बसवा. बसेल? पहिल्याच संध्याकाळी गावभर होईल, दुसऱ्या दिवशी शाळा बंद. कादंबरी दहाव्या पानावर संपेल. शिरोडकर आपल्याला दिसते ती जोशीच्या नजरेतून, तेवढीच. तिच्या मनात आपल्याला प्रवेश नाही. तरीही ती कुठे थांबू शकते, कुठून झरझर जावं लागतं, किती बोलायचं आणि कधी मान खाली घालायची, यातून आख्खी मुलगी उभी राहते. बेलाच्या मनात आपण दिवसरात्र आहोत आणि हाताला काही लागत नाही.

बेलाला काय व्हायचंय? हा प्रश्न तिला कुणी विचारला तर ती एकच उत्तर देते: व्हॅम्पायर. तिसऱ्या भागात कॉलेजच्या प्रवेशअर्जांची चिंता तिच्यापेक्षा एडवर्डलाच जास्त. मेलेल्या माणसाला हिच्या ॲडमिशनचं पडलंय आणि ही ढिम्म! आपल्याकडच्या बारावीच्या मुलींना हा भाग खरा परीकथेसारखा वाटत असेल: फॉर्म दुसरं कुणीतरी भरतंय, तेही न ओरडता. दुसऱ्या भागाच्या आरंभी तिचा अठरावा वाढदिवस येतो, तेव्हा तिला स्वप्न पडतं की आपण सुरकुतलेली आजी झालोय आणि एडवर्ड सतराचाच आहे. अठराव्या वर्षी म्हातारपणाची धास्ती! मताचा हक्क, घराबाहेरचं जग, यातल्या कशाने ती हरखत नाही. गालावरची पहिली न आलेली सुरकुती तिला पुरते.

आणि मग त्याच दुसऱ्या भागात, ‘न्यू मून’मध्ये, लेखिकेने स्वतःच परीक्षा घेतली. एडवर्ड सोडून जातो. आता पुस्तकात मुलगी एकटी आहे. इथे तरी ती दिसेल, रडेल, आदळआपट करेल, जेसिकाकडे जाऊन त्याच्या नावाने बोटं मोडेल, गणिताच्या पेपरात नापास होईल, नाही तर सूड म्हणून पहिली येईल. पान उलटावं तर पानावर एकच शब्द: ऑक्टोबर. पुढच्या पानावर: नोव्हेंबर. मग डिसेंबर. मग जानेवारी. बाकी कोरं. दुःखाने माणूस सुन्न होतो हे दाखवण्याची ही युक्ती म्हणून अनेकांनी तिचं कौतुक केलं आणि युक्ती म्हणून ती चांगलीच आहे. ज्या मुलीला आपण ओळखतो तिच्या आयुष्यातले चार महिने कोरे दिसले तर पोटात खड्डा पडतो. पण बेलाच्या कोऱ्या पानांत आणि लिहिलेल्या पानांत मला फरक शोधावा लागला. शुद्ध आल्यावर ती मोटरसायकल उधळते, कड्यावरून उडी मारते, कारण जीव धोक्यात घातला की एडवर्डचा आवाज ऐकू येतो. म्हणजे बंड केलं, तेही त्याची परवानगी नाकारलेली ऐकायला.

आपण शहाणे म्हणून मिरवायला जागा नाही. मराठीत फास्टर फेणे म्हटलं, गोट्या म्हटलं की डोळ्यांपुढे चटकन पोरगा उभा राहतो. तेवढ्याच चटकन उभी राहणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, आपल्या तोंडाने आपली गोष्ट सांगणारी, कुणाची? आठवायला वेळ लागतो, आणि तोवर आपली भाची इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाकडे गेलेली असते. आपल्या मुलींच्या पुस्तकांत त्या आदर्श असतात, नाही तर पीडित. चिडक्या, लबाड, आळशी, हुशार आणि कधी कधी दुष्ट अशा सहसा नसतात. पालकांना तशा नकोत, म्हणून प्रकाशकांना नकोत, म्हणून लेखकांना सुचत नाहीत.

तेव्हा भेट देणाऱ्या मावशीसाठी, लिहिणाऱ्या काकांसाठी आणि छापणाऱ्या साहेबांसाठी एकच चाचणी. पुस्तकातला देखणा मुलगा आठवडाभर गावाला पाठवा. मग रविवारच्या दुपारी नायिका काय करते ते बघा. कुणाशी भांडली, काहीतरी चोरून खाल्लं, बहिणीची डायरी वाचली, छताकडे बघत एखादा भयंकर बेत आखला, तर पैसे द्या आणि पुस्तक घरी आणा. ती नुसती त्याची वाट बघत बसली, तर तेवढ्या पैशांत भाचीला एक कोरी वही मिळेल. ती घ्या. तिच्याकडे लिहायला भरपूर असतं, आणि त्यातलं निम्मं तुमच्याबद्दल.